वाचकांचे प्रश्न : युरोतला पगार आणि रुपयातला संसार

प्रश्न : मी जीएनएम (परिचर्या पदविका) झालेली परिचारिका असून मिरजेतील एका खासगी रुग्णालयात आठ वर्षे काम करीत आहे. पगार महिना २२,००० रुपये. दिवसपाळी आठ तासांची, रात्रपाळी बारा तासांची, आणि महिन्यात दहा तरी रात्री येतातच. आठवड्याची सुट्टी एक. जर्मनीतील स्टुटगार्टजवळच्या एका वृद्धांच्या शुश्रूषागृहाचा प्रस्ताव आला आहे. सुरुवातीला महिना २,७३० युरो आणि माझ्या शिक्षणाला तिथली मान्यता मिळाल्यावर ३,४८० युरो, असे पत्रात लिहिले आहे. घरचे म्हणतात, साडेतीन लाखांची नोकरी कोणी सोडते का? माझी एक मैत्रीण म्हणते, तिकडे खर्चच एवढा की हाती काही उरत नाही. खरे कोणाचे मानावे? — एक परिचारिका, मिरज

उत्तर : घरचे लोक युरोला शंभराने गुणतात आणि तिथेच थांबतात; मैत्रीण तिकडच्या घरभाड्याचा आकडा सांगते आणि तिथेच थांबते. (सध्याच्या दराने एका युरोला शंभराहून थोडे जास्तच मिळतात, पण हिशेबाला शंभर सोयीचे, म्हणून या उत्तरात तेच धरतो.) दोघांचाही हिशेब चुकलेला नाही, अपुरा आहे.

प्रथम पत्रातले आकडे तपासून पाहू. जर्मनीत १ जानेवारी २०१५ पासून सर्व कामांना लागू असे किमान वेतन आहे. तेव्हा ते तासाला साडेआठ युरो होते आणि १ जानेवारी २०२६ पासून १३.९० युरो झाले आहे. वृद्धांच्या शुश्रूषेच्या क्षेत्राला याहून वरचे, वेगळे किमान वेतन ठरवून दिलेले आहे. १ जुलै २०२५ पासून ते मदतनिसाला तासाला १६.१० युरो आणि मान्यताप्राप्त परिचारिकेला २०.५० युरो असे आहे. आठवड्याचे ३९ तास धरले तर महिन्याचे सुमारे १७० तास होतात, आणि गुणाकार केल्यावर जवळजवळ तुमच्या पत्रातलेच दोन आकडे येतात. याचा अर्थ तुम्हाला फसवलेले नाही. मात्र जे देऊ केले आहे ते कायद्याने द्यावेच लागणारे किमान आहे. आठ वर्षांच्या अनुभवाची किंमत त्यात कुठे दिसत नाही. ती मागून पाहायला हरकत नाही.

हे सगळे झाले ‘ब्रुटो’, म्हणजे कापण्याआधीचे. माझी एक भाची त्याच भागात अशाच एका शुश्रूषागृहात काम करते. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीचा फोटो तिने मला पाठवला होता आणि खाली एकच ओळ लिहिली होती : ‘मामा, हे कोणाचे चुकून माझ्या नावावर आले का?’ चुकून काही नव्हते. निवृत्तिवेतनासाठी ९.३ टक्के, आरोग्यविम्यासाठी साडेआठ टक्क्यांच्या आसपास, बेकारी विम्यासाठी १.३ टक्के, म्हातारपणीच्या शुश्रूषेच्या विम्यासाठी २.४ टक्के (हा मूल नसलेल्यांचा दर; मूल असलेल्यांना तो कमी असतो) आणि त्यावर आयकर, अशी ती उतरंड होती. ३,४८० युरोंच्या ब्रुटोवर एकट्या राहणाऱ्या व्यक्तीच्या हातात सुमारे २,३०० युरो पडतात. मान्यता मिळेपर्यंतच्या २,७३० युरोंवर सुमारे १,९००. जाता जाता एक बारीक गोष्ट सांगतो. तिथे गेल्यावर नगर कार्यालयात पत्ता नोंदवताना अर्जात धर्माचा रकाना असतो. तो आपल्याकडच्यासारखा केवळ माहितीपुरता नसतो. तुम्ही तिथल्या मान्य कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चच्या सदस्य म्हणून नोंदल्या गेलात, तर स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे आयकराच्या वर त्याच्या ८ टक्के चर्चकर कापला जातो. तुम्ही ख्रिस्ती असलात तर उपयोगी पडेल, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

तुमच्या सध्याच्या चिठ्ठीत कपात फारशी नसेल. मूळ वेतन १५,००० धरले तर पीएफचे १,८०० रुपये जातात. व्यवसायकर महाराष्ट्रात स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत माफ आहे. म्हणजे हातात २०,२०० रुपये. मात्र तुमच्या चिठ्ठीत एक गोष्ट मला खटकली. राज्य कामगार विम्याची, म्हणजे ईएसआयची, वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे. पगार २२,००० झाला तेव्हा तुम्ही पेढे वाटले असतील. पण त्या वाढीबरोबर चालू वर्गणी-काळ संपताच तुम्ही त्या विम्याच्या बाहेर पडलात. आजारपणात ७० टक्के वेतन वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळण्याचा जो हक्क आदल्या वर्षी तुमच्याकडे होता, तो आता नाही. हजार रुपयांच्या वाढीची ही किंमत पगाराच्या तुलनेत कोणी धरत नाही.

आता मुख्य प्रश्न. २,३०० युरो म्हणजे दोन लाख तीस हजार रुपये, अर्थात आजच्या अकरापट, असे म्हणावे का? पैसा जिथे मिळतो तिथेच खर्च होणार असेल, तर असे म्हणता येत नाही. दोन देशांतल्या किमतींची तुलना करण्याचे काम जागतिक बँकेच्या पुढाकाराने होते. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने ते सुरू केले आणि २०२१ या वर्षासाठीचे निष्कर्ष मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तांदूळ, भाडे, केस कापणे, बसचे तिकीट अशा शेकडो गोष्टींच्या किमती देशोदेशी गोळा करून कोणत्या चलनात किती विकत घेता येते हे त्यातून काढतात. त्याला क्रयशक्तीची तुल्यता म्हणतात. त्या हिशेबाने जर्मनीत एका युरोला जेवढे मिळते तेवढे भारतात साधारण २८ ते ३० रुपयांना मिळते. शंभर रुपयांना नव्हे. मिरजेत केस कापायला जे पैसे पडतात त्याच्या वीसपट स्टुटगार्टला द्यावे लागतात, तरी कात्री तीच आणि केसही तेवढेच.

म्हणून एकाच युरोच्या दोन किमती धराव्यात, असे मी सुचवतो. जो युरो तुम्ही तिथे खर्च कराल तो २९ रुपयांचा. जो वाचवून मिरजेला पाठवाल तो शंभराचा. सगळाच्या सगळा पगार तिथे खर्च केलात तर तुमचे राहणीमान मिरजेत महिना ६७,००० रुपये मिळवणाऱ्या माणसासारखे असेल, म्हणजे आजच्या सव्वातीनपट. वाईट नाही, पण लॉटरीही नाही. तुम्ही एकट्या राहिलात, तर एका खोलीच्या घराचे पाणी आणि घर उबदार ठेवण्याचा खर्च धरून भाडे ८०० युरोंच्या घरात, जेवणखाण २८०, देशभर चालणारा महिन्याचा प्रवास पास ६३, प्रत्येक घराला सक्तीची आकाशवाणी-दूरचित्रवाणीची वर्गणी १८.३६ (टीव्ही नसला तरी, भाचीने यावर बराच वाद घातला आणि हरली), फोन, किरकोळ विमा, कपडे आणि वर्षाकाठी गावी येण्याचे तिकीट हे सगळे जाऊन ८०० युरोंच्या आसपास उरावेत. ते मिरजेत ८०,००० रुपये होतात, म्हणजे आजच्या हातात पडणाऱ्या पूर्ण पगाराच्या जवळजवळ चौपट. तुमच्या घरच्यांचे ‘लाख’ हातात पडणाऱ्या युरोंच्या या साधारण तिसऱ्या भागातच खरे ठरतात. उरलेल्या दोन भागांबद्दल मैत्रीणच बरोबर आहे.

यातूनच पुढचा प्रश्न निघतो, आणि तो तुमच्या पत्रात नाही. पती आणि मूल असतील, तर ते दोन वर्षांनी तिकडे येणार आहेत का? घर मोठे लागले, माणसे तीन झाली की शंभराचा तो युरोही हळूहळू २९ रुपयांचा होऊ लागतो. पतीला तिथे काम करण्याची मुभा मिळते, पण भाषेशिवाय चांगले काम मिळणे अवघड असते. एकटीने चार-पाच वर्षे राहून घराचे कर्ज फेडायचे, हा एक बेत आहे. सगळ्यांनी तिथेच बिऱ्हाड करायचे, हा दुसरा. दोन्हींचे पत्र एकच असले तरी पगार एक नाही.

तासांचा हिशेब मात्र तुम्ही स्वतः मांडायला हवा होता. दहा रात्रींचे १२० तास आणि सोळा दिवसपाळ्यांचे १२८, असे महिन्याचे २४८ तास तुम्ही उभ्या असता. २२,००० रुपयांना त्याने भागले की तासाला ८९ रुपये येतात. तिथले १७० तास आहेत. ७८ तासांचा हा फरक म्हणजे महिन्याला जवळजवळ दहा दिवसांची ड्युटी, जी तुम्ही आज करता आणि तिथे करणार नाही. स्थानिक क्रयशक्तीत मोजले तर महिन्याचा पगार सव्वातीनपट दिसतो, पण तासाचा जवळजवळ पाचपट. आपल्या कायद्यातही जादा तासांना दुप्पट दर आहे. तो तुमच्या चिठ्ठीत कधी दिसला का, एवढेच विचारतो. जर्मन कायद्यात दिवसाचे आठ तास (सरासरी राखून फार तर दहा) आणि दोन पाळ्यांमध्ये साधारण अकरा तासांची विश्रांती ही मर्यादा आहे; शुश्रूषेच्या क्षेत्रात विश्रांतीला थोडी सवलत आहे, पण तास घड्याळात नोंदवले जातात आणि रात्रपाळीला जादा रक्कम मिळते, तीही ठरावीक मर्यादेपर्यंत करमुक्त. आजारी पडलात तर पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, त्यानंतर विमासंस्था ब्रुटोच्या ७० टक्के, पण हातात पडणाऱ्या पगाराच्या फार तर ९० टक्के, देते. (नोकरीचे पहिले चार आठवडे हा हक्क नसतो, तेव्हा विम्याकडे जावे लागते.) सहा आठवड्यांचे वाक्य मी आमच्या एका परिचित डॉक्टरांना वाचून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, ‘मग कामावर येते कोण?’ येतात, आणि येत नाहीत तेव्हा उरलेल्यांवर भार पडतो, ही तिथल्या शुश्रूषागृहांतली रोजची तक्रार आहे. माणसे कमी आहेत म्हणूनच तर तुम्हाला बोलावणे आहे.

सर्वच बाबतींत ते पुढे आहेत असे नाही. बाळंतपणाची भरपगारी रजा आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवडे आहे, तिथे १४. पण तिथे त्यानंतर पालक-भत्ता सुरू होतो, आणि आपल्याकडे ११ महिन्यांच्या करारावरील परिचारिकेला २६ आठवडे प्रत्यक्षात किती ठिकाणी मिळतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

कामाच्या स्वरूपाबद्दल दोन शब्द, कारण परत आलेल्या परिचारिका पगारापेक्षा याच गोष्टीने दुखावलेल्या मला दिसल्या. आपल्याकडे रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे ही कामे मावशी, वॉर्डबॉय आणि उशाशी बसलेले नातेवाईक करतात. परिचारिका सलाईन लावते, इंजेक्शने देते, डॉक्टरांबरोबर राउंड घेते. तिथल्या शुश्रूषागृहात नातेवाईक भेटीपुरते येतात आणि अंग पुसण्यापासून भरवण्यापर्यंतचे सगळे परिचारिकेचेच काम मानले जाते. ‘जीएनएम करून मी हे करू?’ हा प्रश्न पहिल्या सहा महिन्यांत पडतो. माझ्या भाचीला पडला होता. आता ती म्हणते, नव्वदीच्या ज्या आजीला ती रोज सकाळी उठवते त्यांच्याकडूनच तिने खरी भाषा शिकली. पण हे सगळ्यांना जमेलच असे नाही, आणि न जमणे हा दोषही नव्हे.

पत्रावर सही करण्यापूर्वी दोन कलमे शोधा. एक, मान्यतेसाठी लागणारी बी-२ (वरच्या मध्यम) पातळीची जर्मन भाषा आणि पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा यांचा खर्च कोणाचा. दुसरे, परतफेडीचे कलम : ठरावीक वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास तुम्ही किती रक्कम द्यायची. ती रक्कम वर्षागणिक कमी होत जाते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, हे वाचल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नका.

प्रश्न : मुलगा पुण्यात संगणक अभियंता आहे. त्याला १८ लाखांचे पॅकेज आहे. म्युनिकमधून ६५,००० युरोंचा प्रस्ताव आला आहे, म्हणजे ६५ लाख. सून नोकरी सोडून जाणार, नात चार वर्षांची. तरी सून म्हणते, फायदा नाही. आम्हा दोघांना हे पटत नाही. — एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुमच्या सूनबाईंचे गणित पक्के आहे. दोन आकड्यांची नावेच वेगळी आहेत. ‘पॅकेज’ म्हणजे सीटीसी, कंपनीला तुमच्या मुलामागे वर्षाला पडणारा एकूण खर्च. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असते. जर्मन ब्रुटोत मालकाचा विमा-निवृत्तिवेतनाचा वाटा धरत नाहीत. तो तेरा हजार युरोंच्या आसपास असतो आणि वरून वेगळा भरला जातो. तेव्हा सीटीसी आणि ब्रुटो यांची तुलना म्हणजे टरफलासकट दाण्यांचे वजन सोललेल्या दाण्यांशी करण्यासारखे आहे. हातात पडणारी रक्कमच शेजारी ठेवावी. पुण्यात ती नव्या करपद्धतीने महिना एक लाख वीस हजारांच्या जवळपास येईल. म्युनिकमध्ये, पत्नीला उत्पन्न नाही असे धरून मिळणारी करसवलत आणि मुलासाठीचा २५९ युरोंचा मासिक भत्ता मिळवून सुमारे ४,००० युरो येतील. २९ ने गुणले की एक लाख सोळा हजार. शिवाय २९ हा आकडा देशभराच्या सरासरीचा आहे आणि म्युनिक हे भाड्याच्या बाबतीत जर्मनीतले सर्वांत महागडे शहर म्हणून ओळखले जाते. त्यात सूनबाईंचा पुण्यातला पगार जाणार, जो तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलेलाच नाही.

याच्या उलट बाजूला नातीची शाळा आहे. तिथे सरकारी शाळेला फी नाही आणि तिथल्या बहुतेक मुलांची शाळा तीच असते. वर्षाला किमान चार आठवड्यांची रजा आणि संध्याकाळी सहानंतर फोन न वाजणे यांना रुपयांत भाव नाही, पण भाव आहे. पुण्यातल्या धुणेभांडी आणि स्वयंपाकाच्या मावशी मात्र तिथे नाहीत. ते तास मुलगा-सून दोघांच्या अंगावर येतील. सून भाषा शिकून दोन वर्षांत तिथे कामाला लागली, तर सगळे चित्र पालटेल. निर्णयाची किल्ली तिच्या हातात आहे, तेव्हा मत विचारायचे तर तिचेच आधी विचारावे.

प्रश्न : आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, चार वर्षे कंत्राटी काम करतो. महाराष्ट्र सरकारच्या जर्मनीच्या करारातून नोकरी लावून देतो म्हणून एक जण दीड लाख मागत आहे. द्यावेत का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : देऊ नयेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, हे खरे आहे. पण त्यासाठी मध्यस्थाला पैसे मोजण्याचे कारण नाही. परदेशी नोकरीसाठी एजंटाला परवाना लागतो, आणि परवानाधारकालाही सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. परवाना क्रमांक मागा. तो सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांक मागितल्यावर समोरचा माणूस काय बोलतो, यातच तुमचे उत्तर मिळेल.

दरम्यान तुमच्या इथल्या नोकरीकडेही पाहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांनुसार नेमणूकपत्र सक्तीचे आहे आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. अनुभवाची लेखी प्रमाणपत्रे आजपासूनच गोळा करा. तुमच्या आयटीआयच्या शिक्षणाला तिथे मान्यता मागताना ती उपयोगी पडतात, आणि चार वर्षांनंतर जुन्या ठेकेदाराला शोधत फिरण्याची वेळ येत नाही.

प्रश्न : मुलगी जर्मनीत सहा वर्षे नोकरी करून परत येत आहे. तिथे कापलेले निवृत्तिवेतनाचे पैसे बुडाले का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : बुडाले नाहीत. तिथे पाच वर्षे वर्गणी भरली की निवृत्तिवेतनाचा हक्क तयार होतो, आणि तो तिचा झाला आहे. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे ते भारतातही मिळू शकते. मात्र १९६४ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी तिथले नियमित निवृत्तीचे वय ६७ आहे, तोवर थांबावे लागेल. निघण्यापूर्वी तिने विमाक्रमांक असलेले पत्र आणि वर्षनिहाय वर्गणीची नोंद सोबत घ्यावी, आणि मडगावचा पत्ता तिथल्या निवृत्तिवेतन संस्थेला लेखी कळवावा.